बांधकाम व्यवस्थापन शिकायचंय? खानदेशातल्या मुलामुलींसाठी दहावीपासून पहिल्या साइटपर्यंतची वाट

पूल कसा उभा राहतो हे स्थापत्य अभियांत्रिकीत म्हणजे सिव्हिलला शिकवतात. तोच पूल पावसाळ्याच्या आत, ठरलेल्या पैशात आणि कुणालाही इजा न होता कसा उभा करायचा, हा बांधकाम व्यवस्थापनाचा विषय आहे. वेळापत्रक, पैसा, माल, माणसं आणि दर्जा हे सगळं त्यात एकाच वेळी सांभाळावं लागतं.

आपल्याकडे या माणसांची गरज वाढत जाणार आहे. मनमाड-इंदूर या नव्या रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये, आणि मार्ग धुळ्यावरून जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरात जळगाव-मनमाड चौथी लाइन आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाइन मंजूर झाली. तापीवर निम्न तापी म्हणजे आपलं पाडळसे धरण, शिंदखेड्याकडे सुलवाडे-जामफळ उपसा सिंचन योजना, शिवाय सुरत-धुळे-जळगाव-नागपूर महामार्गाच्या आजूबाजूची कामं आहेतच. अशा कामांच्या साइट ऑफिसात जळगाव-धुळे-नंदुरबारची मुलं-मुली मोठ्या संख्येने बसलेली मला पाहायची आहेत. त्यासाठी वाट कुठून धरायची, ते क्रमाने सांगतो.

आधी सिव्हिल, मग साइट, मग व्यवस्थापन

हा क्रम पक्का धरा. भारतात बांधकाम व्यवस्थापन हे मुख्यतः पदव्युत्तर शिक्षण आहे. पदविका आणि पदवीत ते एक-दोन विषयांपुरतं येतं. बारावीनंतर थेट ‘मॅनेजमेंट’ नावाचा कोर्स पकडावा असा मोह होतो, जाहिरातीही तशाच असतात. पण ज्याने कधी लेव्हल (जमिनीचा उंचसखलपणा मोजायचं यंत्र) लावली नाही, सळई मोजली नाही, त्याच्या वेळापत्रकावर साइटवरचा मिस्त्री विश्वास ठेवत नाही. आणि त्याचं तसं वागणं बरोबर असतं.

पायरी पहिली: दहावी की बारावी?

वाटा दोन. दहावीनंतर तीन वर्षांची सिव्हिल पदविका, किंवा बारावी विज्ञान करून एमएचटी-सीईटी आणि चार वर्षांची पदवी. पदविका झाल्यावर थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्यामुळे दोन्ही वाटांनी पदवीपर्यंत लागणारा काळ जवळपास सारखाच.

मराठी माध्यमातून आलेल्या, गावाकडच्या मुलांना मी पदविकेची वाट सुचवतो. कारण साधं आहे. सोळाव्या वर्षीच हातात ड्रॉइंग शीट, टेप आणि डम्पी लेव्हल येते. इंग्रजी तांत्रिक शब्द तीन वर्षांत हळूहळू अंगवळणी पडतात आणि पदविकेला मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाचा पर्यायही आहे. मधेच घरची परिस्थिती बिघडली तर पदविकेवर नोकरी लागते. बारावी अर्धवट सोडलेल्या मुलाच्या हातात मात्र काहीच राहत नाही. गणित-भौतिकशास्त्र खरोखर पक्कं असेल आणि पुढे आयआयटीपर्यंत जायची जिद्द असेल, तर बारावीची वाटही उत्तम. आयटीआयचा सर्व्हेअर किंवा ड्राफ्ट्समन सिव्हिल ट्रेड केलेल्यांनाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षात येता येतं. ही गोष्ट बऱ्याच पालकांना ठाऊक नसते.

पायरी दुसरी: कॉलेज निवडताना काय विचारायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. पदवीसाठी जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरीचं एसएसबीटी, धुळ्याचं एसएसव्हीपीएस ही जुनी नावं. पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार हे आधी विचारा. खानदेशातली सगळी महाविद्यालयं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचीच असतील असं समजू नका. काही अभियांत्रिकी महाविद्यालयं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत, काही स्वायत्त झाली आहेत.

नंतर प्रयोगशाळेत जा. काँक्रीट क्यूब दाबून फोडायचं यंत्र चालू आहे का? टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) मुलांच्या हातात देतात की कपाटात असतं? शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा की सर्व्हे कॅम्प खरंच झाला का. प्लेसमेंटच्या फलकापेक्षा या तीन उत्तरांवर माझा भरवसा जास्त आहे.

प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच होतो. कुणी एजंट ‘सीट पक्की करून देतो’ म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास ही कागदपत्रं निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा. तहसीलच्या रांगेत जून-जुलैमध्ये अख्खा तालुका उभा असतो आणि वैधतेला तर महिने लागतात.

फीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच अनेक हुशार मुली थांबतात. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या सगळ्याच प्रवर्गांसाठी शिकवणी शुल्क माफीच्या ५ टक्के जादा जागा असतात, त्या गुणवत्तेवर भरतात आणि पसंतीक्रमात स्वतंत्र कोडने लिहाव्या लागतात. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. अक्कलकुवा-धडगावच्या मुलांनी हिचा अर्ज चुकवू नये. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे आणि दर वर्षी नूतनीकरण करायचं.

पायरी तिसरी: कॉलेजात असताना हात कशावर बसवायचा

परीक्षा पास होण्यापुरतं सगळं वाचालच. त्याच्या जोडीला मोजमाप आणि अंदाजपत्रक हा विषय असा करा की झोपेतून उठवलं तरी सांगता यावा. बांधकाम व्यवस्थापनाची सगळी इमारत त्यावर उभी आहे.

घरच्या घरी करून पाहा. तुमच्या गल्लीत १,००० चौरस फुटांचा स्लॅब पडतोय, जाडी ५ इंच म्हणजे १२५ मिलिमीटर. १,००० चौरस फूट म्हणजे ९२.९ चौरस मीटर. त्याला ०.१२५ ने गुणलं की बीम सोडून ११.६ घनमीटर काँक्रीट येतं. एम-२० या दर्जाच्या काँक्रीटचं १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) हे प्रमाण धरलं तर घनमीटरला साधारण ८ गोण्या सिमेंट, म्हणजे स्लॅबला ९३ गोण्यांच्या आसपास. वाळू पावणेदोन ब्रास, खडी साडेतीन ब्रास. आता त्या घरमालकाकडे जा आणि प्रत्यक्षात किती गोण्या लागल्या विचारा. आकडे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत ते शोधा. बीम धरले होते का, जाडी सारखी पडली का, माल वाया किती गेला, खडी कमी तर आली नाही? हे शोधणं म्हणजेच क्वांटिटी सर्व्हेअरचं, म्हणजे माल आणि कामाची मोजदाद करणाऱ्याचं, रोजचं काम.

सळईसाठी एक सूत्र आयुष्यभर पुरतं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो, १६ ची १.५८ किलो. फिटर सळई कापत असेल तिथे शेजारी उभं राहून बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळई किती लांब, कशी वाकवायची याचा तक्ता) स्वतःच्या हाताने लिहून काढा.

आयएस कोड म्हणजे भारतीय मानकं. त्यांपैकी तीन जवळ ठेवा: काँक्रीटसाठी आयएस ४५६, मोजमापासाठी आयएस १२००, उन्हाळ्यातल्या काँक्रीटसाठी आयएस ७८६१. तिसऱ्याची आठवण मुद्दाम करून देतोय. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. या कोडप्रमाणे टाकताना काँक्रीटचं तापमान ४० अंशांच्या वर जाता कामा नये. म्हणून आपल्याकडे स्लॅब पहाटे सुरू करायचा, खडीवर पाणी मारून ती गार ठेवायची, थंड पाणी वापरायचं आणि ओली गोणपाटं आधीच तयार ठेवायची. क्युरिंग साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पण आजकाल बाजारात मिळणाऱ्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला आणि कोरड्या उष्ण हवेत किमान १० दिवस. हे पाणी कुठून येणार, टँकर कोण सांगणार, हेही नियोजनात लिहायचं असतं.

दुसरी आपल्या मातीची गोष्ट म्हणजे काळी जमीन. कपाशी-केळीला ती सोन्यासारखी, पण पायाला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरचं घर तडकतं. पाया मुरमापर्यंत न्यायचा की अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल नेलेले, खाली फुगीर असलेले खांब) घ्यायचे, यावर खर्च आणि वेळ दोन्ही बदलतात. इथल्या कामाचं वेळापत्रक लिहिताना मातीचा अहवाल आधी वाचायचा असतो.

संगणकाचं म्हणाल तर आधी एक्सेल चांगलं शिका, नंतर ऑटोकॅड, मग एमएस प्रोजेक्ट किंवा प्रायमाव्हेरा ही वेळापत्रकाची सॉफ्टवेअर. क्लासवाले उलट्या क्रमाने विकतात. सीपीएमचं नेटवर्क, म्हणजे कोणत्या कामानंतर कोणतं काम याची जाळी, कागदावर काढता येत नसेल तर प्रायमाव्हेरात नुसते रंगीत पट्टे दिसतील. कोणतं काम एक दिवस उशिरा झालं तर सगळा प्रकल्प एक दिवस मागे पडतो, ते कळायला हवं. बीआयएम (इमारतीचं संगणकावरचं त्रिमितीय मॉडेल) आणि त्यासाठीचं रेव्हिट हे सॉफ्टवेअर मोठ्या शहरांतल्या कंपन्या मागतात, ते शेवटच्या वर्षी पाहा.

वेळापत्रक इथल्या माणसांचं आणि इथल्या आभाळाचं

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची नोकरी १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागात सुरू झाली आणि सुरुवातीच्या काळातच ते खानदेशात आले. पांझरा नदीच्या एका पाटावर पाइपचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे होतं. पावसाने अडचणी आल्या, तेव्हा काम पुढे ढकलावं असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. शेवटी त्यांनी ते पूर्ण करून दाखवलं. ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, देशभर अभियंता दिन होतो त्यांच्यासमोरही पहिला प्रश्न पावसाचा आणि मुदतीचाच होता.

त्याच पांझरेवर फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची रीत, चालत आलेली आहे. बंधारा, पाट, फडांची पाळी, पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या. कुणी काय करायचं आणि केव्हा करायचं हे गावाने ठरवलेलं. संसाधनांचं वाटप हा धडा वर्गात येईल तेव्हा साक्री तालुक्यातला एखादा जुना बंधारा प्रत्यक्ष पाहून या.

आणि पुस्तकात नसलेली एक गोष्ट. सातपुड्यातले पावरा-भिल्ल मजूर होळीला आणि भोंगऱ्या बाजाराला गावी जातात म्हणजे जातातच. त्या आठवड्यात कितीही दंड लावा, साइट रिकामी राहणार. आखाजीला लेकी माहेरी येतात, तेव्हाही गावाकडचा बिगारी कामावर नसतो. दिवाळीनंतर कापूस वेचणीला मजुरी चांगली मिळाली की बायामाणसं तिकडे वळतात. पुण्याहून आलेला प्लॅनिंग इंजिनिअर मार्चमध्ये पूर्ण क्षमतेने काम दाखवतो आणि मग मजूर ‘पळाले’ म्हणून वर कळवतो. तुम्ही इथले आहात, तुम्हाला हे आधीच ठाऊक आहे. कॅलेंडरमध्ये ते दिवस सुट्टीचे लिहा, अवघड स्लॅब त्याआधी उरका. अहिराणीत दोन शब्द बोललात, मजुराच्या पोराची चौकशी केलीत, तर सुटीवरून तो दुसरीकडे न जाता तुमच्याकडे परत येतो. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी मजुराला वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते देताना हात आखडू नका. त्याच्या पोरांच्या शिष्यवृत्तीचं दार त्या कागदाने उघडतं.

पायरी चौथी: पहिली नोकरी

पदविका किंवा पदवी झाली की निदान दोन वर्षं साइटवर काढा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत नोंदणी केली तर सरकारी कार्यालयांत आणि कंपन्यांत एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी विद्यावेतनासह मिळते. नंदुरबारच्या मुलांना मुंबईपेक्षा सुरत जवळ आहे, तिथे काम मुबलक आहे आणि भाषाही कळते, तर संकोच कशाला?

सुरुवातीचा पगार आयटीवाल्या मित्रापेक्षा कमी असेल. साइट शहराबाहेर, सुटी आठवड्यातून एखादी आणि तीही बेभरवशाची. हे आधीच घरी सांगून ठेवा. नोकरी निवडताना पगारातल्या दोन-तीन हजारांच्या फरकापेक्षा एकच विचारा: मला बिलिंगला बसू देणार का? नुसतं काँक्रीट टाकून घेणारा इंजिनिअर पाच वर्षांनीही तिथेच असतो. ज्याला मोजमाप पुस्तक लिहिता येतं, रनिंग बिल (झालेल्या कामापुरतं बिल) काढता येतं, निविदेतली अट क्रमांकासकट दाखवता येते, त्याला मालक सोडत नाही. रोजची डायरी लिहा: किती माणसं आली, पाऊस किती वाजता सुरू झाला, ड्रॉइंग कोणत्या तारखेला हातात पडलं. मुदतवाढीचा वाद निघतो तेव्हा ती डायरीच कामी येते.

मुलींसाठी एक सूचना. राहण्याची सोय, स्वच्छतागृह आणि रात्रीच्या काँक्रीटला येण्या-जाण्याचं वाहन, हे मुलाखतीतच विचारा. ते विचारणं तुमचा हक्क आहे. चांगली कंपनी याचं उत्तर लगेच देते.

पायरी पाचवी: पदव्युत्तर शिक्षण

आता बांधकाम व्यवस्थापनाचं शिक्षण घ्या. कुठल्या प्रश्नांची उत्तरं हवीत हे दोन वर्षांत कळलेलं असतं.

एमटेकच्या प्रवेशासाठी असलेल्या गेट परीक्षेतून जाणारा रस्ता स्वस्त आणि मानाचा. गुण तीन वर्षं चालतात आणि एमटेकला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये बांधकाम व्यवस्थापनाचं एमटेक आहे. आयआयटी दिल्ली आणि आयआयटी मद्रासमध्ये या विषयाचे नावाजलेले विभाग आहेत. एल अँड टी कंपनीची बिल्ड इंडिया शिष्यवृत्ती शेवटच्या वर्षातल्या सिव्हिल-इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. निवड झाली तर शिक्षण आणि नोकरी दोन्ही मार्गी लागतात, म्हणून तिच्यासाठी मात्र ‘आधी दोन वर्षं साइट’ हा माझा आग्रह मी मागे घेतो.

दुसरा रस्ता पुण्यातल्या बालेवाडीच्या निकमार विद्यापीठाचा. १९८३ मध्ये सुरू झालेली ही संस्था फक्त बांधकाम क्षेत्रासाठीच उभी राहिली आणि तिथून कंपन्या माणसं उचलतात. पण फी लाखांत आहे. शैक्षणिक कर्ज घ्यायचं तर आधी हप्त्याचा हिशेब मांडा आणि बापाची जमीन तारण ठेवायची वेळ येत असेल तर गेटचा एक प्रयत्न आधी करा.

पुढे कोणकोणती कामं असतात

प्लॅनिंग इंजिनिअर वेळापत्रक सांभाळतो. क्वांटिटी सर्व्हेअर किंवा बिलिंग इंजिनिअर पैसा सांभाळतो, आणि दुबई-कतारकडे जायचं असेल तर याच कामाला मागणी मोठी असते. गुणवत्ता विभागात क्यूब, स्लम्प (ओलं काँक्रीट किती पातळ-घट्ट ते), सळईच्या चाचण्या. सुरक्षा अधिकारी व्हायचं तर तंत्रशिक्षण मंडळाची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका करावी लागते. कंत्राट विभागात निविदा, करार आणि दावे असतात. ज्याला वाचनाची आवड आहे आणि वकिली डोकं आहे त्याने इकडे जावं, इथे माणसं फार कमी आहेत.

१ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारं प्राधिकरण, आल्यावर जळगाव-धुळ्याच्या बिल्डरांकडेही कामाची पद्धत बदलली. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती काढताना काम किती झालं याचा अभियंत्याचा दाखला लागतो. म्हणजे हिशेब ठेवू शकणारा इंजिनिअर छोट्या शहरातही लागणारच.

सरकारी नोकरी हवी असेल तर कनिष्ठ अभियंत्याची भरती सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा आणि जिल्हा परिषदेत निघते, एमपीएससीतून वरची पदं, रेल्वेतही जागा असतात. तयारी जरूर करा, पण नोकरी करता करता. अभ्यासिकेत पाच वर्षं घालवलेल्या मुलाचा साइटवरचा हात सुटतो आणि तो परत बसायला वेळ लागतो.

स्वतःचा ठेका घ्यायचा असेल तर

सार्वजनिक बांधकाम विभागात सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करता येते. छोट्या कामांचं वाटप बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार यांच्यात ठरावीक प्रमाणात करायचं धोरण आहे. नोंदणीसाठी पदवी किंवा पदविकेचं प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी अशी कागदपत्रं लागतात, ती जिल्ह्याच्या बांधकाम कार्यालयात विचारून घ्या.

पहिलं काम छोटं घ्या: अंगणवाडीची खोली, गटार, संरक्षक भिंत. निविदा भरताना सरकारी दरसूचीचा दर पाहून थांबू नका. वाळू त्या गावात कितीला पडते आणि किती लांबून येते ते स्वतः जाऊन विचारा. खूप खाली दर भरून काम घेणाऱ्यांच्या नादी लागू नका, शेवटी ते सिमेंटमध्येच काटतात आणि त्या अंगणवाडीत आपल्याच गावची लेकरं बसणार असतात. सरकारी बिलं महिनोन्‌महिने अडकतात. सुरक्षा ठेव वेगळी कापली जाते आणि दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत मिळत नाही. तेव्हा मजुरांचे पगार आणि दुकानदाराची उधारी निदान सहा महिने स्वतःच्या पैशातून भागतील एवढी तजवीज झाल्यावरच निविदेवर सही करा. तेवढी रक्कम नसेल तर आणखी दोन वर्षं कुणाकडे तरी बिलिंगला बसा.